बटनावर व्यालेली म्हैस

जनावरांच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं काढल्यावर ज्या पेशंटनं मला चीत केलं, ते कोंबडीच्या अंड्याएवढं होतं आणि सेलवर चालत होतं.

मी पशुधन पर्यवेक्षक. जानेफळच्या आजूबाजूच्या गावांत मला सगळे 'डॉक्टरसाहेब' म्हणतात. (खरे डॉक्टर वेगळे असतात, पण अडलेली म्हैस कोणाची पदवी विचारत नाही.) गाई, बैल, शेळ्या, एकदा तर वरातीत रुसून बसलेला घोडासुद्धा मी उठवून उभा केला आहे. त्यामुळे माझी मुलगी संबोधी तीन दिवसांच्या शाळेच्या सहलीला निघाली आणि तिचं ते खेळणं सांभाळायचा प्रश्न आला, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात हात पुढे केला.

संबोधी सहावीत आहे. वाढदिवसाला तिनं मामाकडे मोबाइल मागितला होता. मामा हुशार, त्यानं पुण्याहून हे पाठवलं: पिवळं प्लॅस्टिकचं अंडं, त्यावर तीन बटनं आणि तिकिटाएवढा पडदा. पडद्यावर दहा-पंधरा ठिपक्यांचं एक जनावर. त्याला वेळेवर खाऊ घालायचं, खेळवायचं, शी केली की साफ करायचं, झोपलं की दिवा बंद करायचा. एक दिवस गेला की त्याचं वय एक वर्षानं वाढतं. हयगय केली तर ते मरतं. खरंच मरतं! संबोधीनं त्याचं नाव ठेवलं होतं गुट्टू, आणि त्या दिवशी गुट्टूला तेविसावं वर्ष लागलं होतं.

शाळेनं सहलीला असल्या वस्तू आणायला मनाई केली होती. मग मी जातच नाही, म्हणून पोरगी दोन दिवस जेवणाच्या ताटावर रुसून बसलेली. शेवटी मी शब्द दिला तेव्हा बॅग भरली.

"पप्पा, हा जिता हाये बरं."

"बाई, माही सारी जिंदगी जित्या जनावरात गेली."

"म्हणूनच तुमच्याजवळ देऊन राह्यली. मम्मीले शाळा राह्यते." मग माझ्या हातात वहीचा एक कागद आला. "याच्यात सारं लिहिलं हाये. भात दोनदा. केक एकच. कवटी दिसली तं सुई मारा. एका सुईनं बरा नाई झाला तं दुसरी."

"सुई मले शिकवते काय तू?"

"वाचा तरी एकदा," ती म्हणाली. बसच्या खिडकीतून हात हलवतानाही ती माझ्याकडे नाही, माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत होती.

त्या दुपारी खिशात 'टीं टीं' झालं. मी बटन दाबलं, भात दिला. आणि काय सांगू, त्या ठिपक्यांनी तोंड उघडलं! वाटीतला भात एकेक घासानं कमी होत गेला, वर एक बारकंसं बदाम भरलं. मी बघतच राहिलो. माझ्या हातचं खाऊन कोणत्या जनावराचं मन भरलं, हे असं डोळ्यांना दिसण्याची सोय आमच्या खात्यात कधीच नव्हती. मग मी केक दिला. गुट्टूनं चक्क उडी मारली! मी दुसरा दिला. पुन्हा उडी. सव्वीस वर्षं लाथा खाल्लेल्या माणसासमोर एखादं जनावर आनंदानं उड्या मारायला लागलं, तर त्यानं थांबायचं कुठे? मी नऊ केक दिले.

माझी बायको सुजाता शिक्षिका आहे. ती संध्याकाळी शाळेतून आली. तिनं पडद्यात डोकावून पाहिलं.

"हा असा गोल काऊन झाला?"

"तब्येत सुधरून राह्यली त्याची."

"आणि हे डोक्यावर काय हाये?"

डोक्यावर कवटी होती.

"अहो, गावोगाव सांगत फिरता ना तुम्ही, खुराक बेतानं द्या, जनावराचं पोट फुगते? आणि घरातल्या घरात हे?"

"त्यानं मागितला!"

"त्याले तोंड तरी हाये काय मागाले?"

"डोळ्यानं मागितला."

"दोन ठिपके हायेत ते," सुजाता म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी स्वतः खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. मी सुई मारली. कवटी हलली नाही. दुसरी सुई मारली. कवटी गेली! गुट्टू एकदम ताठ उभा राहिला आणि आम्ही दोघं नवरा-बायको, एकूण वय सत्त्याण्णव, टाळ्या वाजवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीरामचा फोन आला. तुळशीरामचा गोठा गावाबाहेर, शेतातच.

"साहेब, चंद्री पहाटपासून अडली. एकच पाय दिसून राह्यला."

चंद्री त्याची म्हैस, पहिलंच वेत. मी गाडी काढली. गुट्टू खिशात.

गोठ्यात जाऊन शर्ट काढला, खुंटीला टांगला, साबणाच्या पाण्यानं हात धुतले आणि आत घातला. पिल्लाचा एक पुढचा पाय मागं मुडपलेला. डोकं थोडं मागं ढकलायचं, पाय शोधायचा, खूर मुठीत धरून सरळ करायचा. म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात गेलेला, गाल तिच्या पुठ्ठ्याला टेकलेला, नाकात शेपटी. आणि अशा वेळी खुंटीवरच्या शर्टातून आवाज आला: टीं टीं, टीं टीं, टीं टीं!

ही भुकेची हाक नव्हती. तिहेरी हाक म्हणजे कवटी. (कागदावर लिहिलं होतं. तो मी केकनंतर पाठ केला होता.)

माझा हात बाहेर काढणं शक्य नव्हतं. कारण खूर नुकताच सापडला होता.

"गोदामावशी!" मी ओरडलो. गोदामावशी म्हणजे तुळशीरामची बायको. "माह्या शर्टाच्या खिशात पिवळं हाये, ते काढा लवकर!"

त्यांनी ते ओंजळीत धरून आणलं.

"डावं बटन दाबा! दाबत राहा! सुई दिसली काय?"

"थांबा... नाई... नाई... हाव, दिसली! सुई दिसून राह्यली, साहेब!"

"मधलं दाबा!"

त्यांनी दाबलं. नेमका त्याच क्षणी पाय सरळ झाला आणि चंद्रीनं जोराची कळ दिली.

"उतरलं काय?" मी विचारलं. माझा प्रश्न गुट्टूच्या दुखण्याबद्दल होता.

"अर्धं उतरलं साहेब!" तुळशीराम मागून ओरडला. तो पिल्लाबद्दल बोलत होता.

"मग पुन्हा दाबा!"

मावशींनी डोळे मिटून पुन्हा बटन दाबलं, मी आणि तुळशीरामनं पाय धरून ओढलं, आणि सर्रकन पिल्लू बाहेर गवतावर! वगार, म्हणजे म्हशीची पोरगी. काळीभोर, ओली, धडधाकट. मी तिच्या नाकातोंडातला चिकटा काढला, छाती चोळली. ती शिंकली. मी तसाच मागच्या मागं भिंतीला टेकून बसलो. छाती भात्यासारखी चाललेली.

तुळशीराम एकदा वगारीकडे बघे, एकदा बायकोच्या हातातल्या पिवळ्या अंड्याकडे.

"बटनावर!" तो हळूच म्हणाला. "पहाटपासून अडलेली म्हैस, दोन बटनात मोकळी झाली!"

"तसं नाई, तुळशीराम..." मी सुरुवात केली आणि मला ठसका लागला.

"बोलू नका साहेब. आराम करा. सरकारनं काय काय काढलं आता!"

एव्हाना शेजारच्या शेतातली चार माणसं कुंपणाशी आली होती. तुळशीराम त्यांना हातवाऱ्यांसह समजावून सांगत होता. माझा खांद्यापर्यंत गेलेला हात त्या हकिगतीत कुठेच नव्हता.

मी हौदावर अंग धुऊन आलो आणि गुट्टूला हाक मारायला... म्हणजे बघायला गेलो. तर मावशी पदर खोचून चुलीजवळ बसलेल्या.

"तुमचं समदं सामान धुऊन ठेवलं, साहेब. तुम्हीच सांगता ना, वापरलेलं सामान उकळत्या पाण्यात घाला म्हणून?"

हे मीच सांगतो. अनेक वर्षांपासून सांगतो. कोणी ऐकत नाही म्हणून चिडतो. माझ्या सगळ्या हयातीत ते मनापासून ऐकणारी पहिली बाई मला त्या दिवशी भेटली. पातेल्यात लाल औषधाचं उकळतं पाणी, त्यात माझी कात्री, माझा चिमटा, आणि मधोमध, हळूहळू गिरक्या घेत, गुट्टू.

जानेफळला रफिकभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. मी थेट तिथे. रफिकभाईंनी डोळ्याला भिंग लावलं, चार बारीक स्क्रू काढले, कापसानं आतलं पाणी टिपलं, तासभर उन्हात ठेवलं आणि नवीन सेल बसवला. पडदा उजळला! मी आनंदानं त्यांचा हातच धरला.

"रुका डॉक्टरसाब," ते म्हणाले. "याच्यात अंडा दिसून राह्यला."

"आणि जुना?"

"जुना गेला. हा नवीन हाये." त्यांनी भिंग काढलं. माझा चेहरा बघून ते हसले नाहीत. "घडी बंद पडली तं मी चालू करून देतो, साब. गेलेला टाइम वापस नाई आणता येत."

घरी सुजाता म्हणाली, "सरळ सांगून टाका." मी म्हणालो, सांगतो. आणि रात्रीच्या जेवणापर्यंत मनात तीन गोष्टी रचल्या. एकीत गुट्टू संबोधीच्या आठवणीनं पुन्हा लहान झाला होता. दुसरीत पुण्यातच काहीतरी बिघाड होता. तिसरी मी सुजाताला ऐकवली. ती उठून भांडी घासायला गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यापुढे शेजारच्या गावातले दोघं जण, सोबत एक तांबडी गाय. "साहेब, गाय गाभण राहून नाई राह्यली. ते बटन एकडाव दाबून पाहा ना." मी सांगितलं, असं मशीन नसतं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुळशीरामसाठी हाये आणि आमच्यासाठी नाई काय?" शेवटी मी गाय तपासली, औषध लिहून दिलं. जाताना त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "मशीन वरच्या ओळखीवर राह्यते."

दुपारी सहलीची बस आली. संबोधी उतरली, अजिंठ्याच्या धुळीनं माखलेली, आणि तिनं थेट हात पुढे केला. माझ्या तिन्ही गोष्टी तिथेच गळून पडल्या. मी अंडं तिच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. नऊ केकही सांगितले.

ती रडली. आवाज न करता, अंड्याकडे बघत. तेवीस दिवस तिनं वेळ चुकवली नव्हती. अडलेल्या म्हशीला सोडवणारा मी, स्टँडवर शंभर माणसांत माझ्या पोरीसमोर उभा राहून नुसता रुमाल शोधत होतो. तोही सापडला नाही.

मग तिनं बाहीनं नाक पुसलं. "वगार जगली काय?"

"जगली."

"मले दाखवा."

आम्ही गाडीवर तुळशीरामच्या गोठ्यात गेलो. वगार एका दिवसाची, चारही पाय चार दिशांना. संबोधी तिच्यासमोर उकिडवी बसली. वगारीनं मान वर केली, तिचं बोट तोंडात धरलं आणि ओढायला लागली. पोरगी दचकली, मग तिनं श्वास रोखून धरला. थोड्या वेळानं वगारीनं बोट सोडलं, धडपडत उठली, दोनदा पडली, आणि चंद्रीच्या पोटाखाली बरोब्बर सडापाशी जाऊन ढुशा द्यायला लागली.

"पप्पा, हिले कोणी सांगितलं दूध तिथंच हाये म्हणून?"

याला एक शास्त्रीय नाव आहे, परीक्षेत मी ते लिहिलेलं आहे. पण त्या क्षणी ते आठवेना, आणि आठवलं असतं तरी बोललो नसतो. हजारांवर पिल्लं माझ्या हातांत जन्मली. पुढच्या फोनच्या घाईत मी एकदाही थांबून हे पाहिलं नव्हतं. कालपर्यंत अंधारात होती ती, कुठलाही कागद न वाचता सडाजवळ पोचली होती. आम्ही दोघं तोंड उघडं टाकून बघत राहिलो. चंद्रीनंच शेवटी शेपटीचा फटका मारून आम्हाला बाजूला केलं.

परत निघताना संबोधीनं अंडं काढलं. आतल्या अंड्याला तडा गेला होता आणि एक ठिपका बाहेर डोकावत होता. मला वाटलं, आता ती ते जपून दप्तरात ठेवणार. तिनं ते माझ्या खिशात टाकलं.

"हा तुम्ही पोसा."

"मी? माह्यावर भरोसा हाये तुहा?"

"नाई," ती म्हणाली. "पण तुमाले शिकाची गरज हाये."

त्याला आज अकरा दिवस झाले. रोज संध्याकाळी संबोधी खिशातून अंडं काढते, वजन तपासते, बदामं मोजते आणि वहीत माझ्या नावापुढे शेरा लिहिते. काल 'ठीक' होता. सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर, गावोगावचे डॉक्टरसाहेब सध्या घरी प्रोबेशनवर आहेत, आणि कायम होण्याची चिन्हं काही दिसत नाहीत.