गिरगाव ते लालबाग, सुमनच्या नेटसाठी

लोक लडाखला जातात आणि फोटो टाकतात. मी परवा गिरगावाहून लालबागला गेले आणि तेवढ्याच ऐटीत हे लिहितेय.

जेवण आटोपतंय तोच धाकट्या बहिणीचा, सुमनचा फोन. "ताई, नेट गेलंय गं. चारला माझा वर्ग आहे." वर्ग मालवणी स्वयंपाकाचा, कॉम्प्युटरवरून, आयुष्यातला पहिला. तिचा मुलगा नितीन आधीपासून म्हणतच होता, "आई, ही नसती उठाठेव कशाला? तुला झेपणार नाही." पहिल्याच दिवशी फजिती झाली असती तर ही बाई पुन्हा त्या खुर्चीत बसली नसती. ओळखते मी तिला.

बस स्वस्त पडते, पण भायखळ्याला हमखास रखडते. घाई असेल तर सरळ टॅक्सी करा, दीड-दोनशेत काम होतं. लालबागच्या पुलाखाली उतरा आणि चिवड्याच्या दुकानांकडे अजिबात बघू नका. मी बघितलं. पाव किलो घेतलाच.

वर पोचले तर सुमन किसलेलं खोबरं पुढ्यात घेऊन रडवेली, आणि नितीन फोनवर.

"मावशी, कंपनीवाले म्हणतात उद्या माणूस पाठवतो. राउटर दोनदा बंद-चालू केला, काही फरक नाही."

त्यांच्या आतल्या खोलीत मोबाइलचं नेट नुसतं रांगतं, व्हिडिओला त्याचा काही उपयोग नाही. मी रिटायर झाल्यावर कॉम्प्युटरचा कोर्स केलाय, हे त्या घरात कोणी मनावरच घेत नाही. म्हटलं, सरक.

नितीनचं डिझाइनचं काम घरूनच चालतं, म्हणून कॉम्प्युटर दोन. राउटरची वायर एका छोट्या डबीत येते, तिथून दोन्हीकडे जाते. तिसरी वायर त्याच्या लॅपटॉपसाठी मोकळी ठेवलेली. डबीवरचे हिरवे दिवे एरवी आपापले लुकलुकतात. त्या दिवशी सगळे एकदम, पिसाळल्यासारखे.

"सुमे, आज इथे काय हलवलंस?"

"काही नाही गं. झाडलं, पुसलं. एका वायरचं टोक लोंबकळत होतं, कॅमेऱ्यात बरं दिसलं नसतं. भोक रिकामं होतं, त्यात खोचलं."

वाकून बघते तर काय, वायरचं एक टोक डबीत आणि दुसरंही त्याच डबीत! डबी स्वतःशीच बडबडत सुटलेली, मग बाकीच्यांचं ऐकणार कोण? टोक उपटलं. दिवे ताळ्यावर आले, नेट आलं.

"मला कसं दिसलं नाही?" नितीन म्हणाला.

"तू कंपनीशी भांडत होतास," मी म्हटलं. खरं सांगते, त्या क्षणी माझी मान भलतीच ताठ होती. तुमचंही नेट गेलं तर आधी घरात साफसफाई कोणी केली ते विचारा.

चारला वर्ग सुरू झाला. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून नितीनने स्वतः उठून दार लोटलं.

घरी येऊन दोन दिवस झाले. वायर मी शोधली, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून झालंय. पण त्याहून मोठा अभिमान वेगळाच आहे. पडद्यावरची एक मुलगी म्हणाली, "काकू, आधी तुमची ओळख सांगा ना." उभ्या जन्मात कोणी विचारलं की सुमनचं एकच उत्तर असायचं, "मी काय, घरीच असते." तिने पदर सारखा केला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "मी सुमन. मी मालवणी स्वयंपाक शिकवते."