मणक्यातली चकती

सुमनताईंच्या दोन मणक्यांमधून ऑपरेशन करून काढलेल्या चकतीचा, म्हणजे गादीचा, तुकडा मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. एकसंध असायला हवी ती चकती भेगाळली होती. पेशी घोळक्याने एकमेकींना बिलगल्या होत्या, आणि एरवी जिथे रक्तवाहिन्या नसतात, तिथे त्या शिरल्या होत्या.

अंथरुणाला खिळलेल्या आपल्या तरण्या मुलाला त्यांनी वर्षानुवर्षं एकटीने उचललं होतं. कंबर दुखते म्हटलं की घरचे म्हणत, "मनाचे खेळ आहेत."

रिपोर्ट घ्यायला त्या आल्या, तेव्हा मी त्यांना ते सगळं पडद्यावर दाखवलं. म्हटलं, "दुखणं सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर दिसत नाही, ताई. पण ही झीज खरी आहे."

त्यांनी पडद्यावरच्या भेगेवरून बोट फिरवलं.

"मलासुद्धा वाटायला लागलं होतं, मी ढोंगच करते की काय," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावून रडल्या.