बटणांवरची मराठी

बीडच्या कॉलेजात आम्ही कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला होतो. लॅबमध्ये आठ मशीन होती, त्यांतली पाच चालायची. म्हणून दोघींत एक. माझी जोडीदारीण वडवणीहून रोज एस.टी.नं यायची. तिचे वडील, अण्णा, गवंडी. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ते चाळिशीत वाचायला शिकले होते, आणि रस्त्यानं जाताना अजून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायचे, असं ती हसत सांगायची.

सरांनी प्रोग्राम दिला: एस.टी.चं वेळापत्रक. पडद्यावर गावाच्या नावाचं बटण दाबलं की गाड्यांच्या वेळा दिसाव्यात. ती खिडकी, ती बटणं व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत करायची की जावात, ते आमचं आम्ही ठरवायचं होतं.

"व्हिज्युअल बेसिक घेऊ," ती म्हणाली. "त्यात बटणावर मराठी फॉन्ट लागतो. शेजारच्या पोरांनी लावलाय. आमचे अण्णा बघायला येणार हायेत."

पुण्याचा माझा मामेभाऊ नुकताच जावाचं कौतुक करून गेला होता. मी म्हणाले, "व्हिज्युअल बेसिकमध्ये बटण नुसतं ओढून ठेवायचं. शिकणार काय आपण? नोकऱ्या जावावर लागायल्यात."

माझं बोलणं नेहमी तिच्यापेक्षा मोठ्या आवाजात असायचं. जावा ठरलं.

दोन दिवस ती जावात मराठी आणायला झटली. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन यायचे. मी वैतागले. "सरांनी मराठी मागितलंय का? कशाला जीव काढायलीस?" तिनं सगळ्या गावांची नावं इंग्रजीत टाकून दिली.

तपासणीच्या दिवशी अण्णा आले. धुतलेलं धोतर, हातात टोपी. दाराशी चपला काढून आत आले आणि पडद्यासमोर वाकून उभे राहिले. त्यांचे ओठ हलायला लागले, मग थांबले.

"इथं काय लिव्हलंय, बाई?"

"वडवणी," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. "हे समदं इंग्रजीच असतंय का?"

ती बोलायच्या आत मीच म्हणाले, "हो काका. कॉम्प्युटरला मराठी येत न्हाई."

शेजारच्या मशीनवर मराठी बटणं दिसत होती. तिकडं तिनं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मला खोटं पाडलं नाही.

त्या उन्हाळ्यात एका बांधकामावर परांची कोसळून अण्णा गेले. मी वडवणीला भेटायला गेले तेव्हा ती दोन धाकट्या भावांना जेवायला वाढत होती. ते झाल्यावर मी कसंबसं म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोलले. चुकलंच माझं."

"त्यांना कुठं माहीत होतं?" ती म्हणाली. "गावभर सांगायचे, माझ्या लेकीनं कॉम्प्युटरवर इंग्रजी लिव्हलंय. लई खूश होते." मग ताट उचलता उचलता हळूच म्हणाली, "मला माहीत होतं ना पण."

कॉलेज सुरू झालं तेव्हा ती आली नाही. एका शिवणकामाच्या दुकानात बसायला लागली होती. मी दोन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, चार ओळींचं, त्यात माझ्या अभ्यासाची चौकशी होती. तिसऱ्या वर्षी मला अख्खं मशीन एकटीला मिळालं. कशात काय बनवायचं हे विचारायला, नको म्हणायला शेजारी कुणी नव्हतं.