टेकलं का पावणं?

घरात पाहुणा आला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. पिंपळवंडीचे आमचे बबनतात्या त्याच्या पाठीकडे बघायचे. पाहुण्याने चहा घेतला की नाही, पोहे संपवले की नाही, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. पाठ खुर्चीला लागली का, एवढंच. मुलीकडची माणसं घर बघून गाडीत बसली, गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, की तात्या माझ्याकडे वळून विचारत, "गुरुजी, टेकलं का पावणं?"

"नाही टेकले."

"मंग झालं. कळिवत्यात आता."

आमच्याकडे मुलाचं घर बघून निघताना माणसं 'कळवतो' म्हणतात. 'कळवतो' म्हटलेल्यांनी कधी कळवल्याचं मला तरी आठवत नाही.

मी मूळचा लोणीचा. मास्तरकीमुळे इकडे आलो आणि निवृत्त झाल्यावर तात्यांच्या शेजारीच घर बांधलं. त्यांचा संदीप माझ्याच वर्गात शिकला. सरळ पोरगा. टोमॅटो-कांदा करतो, दोन गाई आहेत, सुपारीचंही व्यसन नाही, आणि लग्न जमत नाही. अशी पोरं आता गल्लोगल्ली आहेत. मुलींना पुण्याकडचा नवरा हवा असतो, आणि त्यांचं काही चुकतं असंही मला वाटत नाही. पण संदीपची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात दोन पुरुष, आणि बाप-लेकाचं बोलणं मोटार चालू केली का, गाय पान्हावली का, एवढ्यापुरतं. आपल्यामागे हे पोरगं या घरात एकटं भिंतीकडे बघत बसेल, ही एकच धास्ती तात्यांनी घेतली होती.

त्या धास्तीतून खुर्च्या निघाल्या. तात्यांचं म्हणणं असं, की नकार घरात बसल्यावर ठरतो. "पिलॅस्टिकच्या खुर्चीत माणूस बसत न्हाई गुरुजी, थांबतो. तिला उचलायची म्हणूनच केलीया." मग सोफा घ्या, असं मी सुचवलं. त्यावर म्हणाले, "सोफ्यात माणूस खचतो अन् मोबाईल काढतो." हातांची खुर्चीही नको. तिच्यात बसलं की माणूस सायब होतो आणि चौकशा करायला लागतो, शेती किती, पाणी किती. हवी ती बिनहाताची लाकडी खुर्ची, साधी, भिंतीशी ठेवायची. हात नसले की माणसं एकमेकांकडे सरकून बसतात. आणि ती जुनीच पाहिजे. का, तर "नव्या खुर्चीला आजून कुणी टेकलेलंच न्हाई. तिला काय म्हाईत टेकणं म्हंजी काय?"

अशा माणसाशी वाद घालायचा नसतो, हे मला फार उशिरा समजलं. गाडी माझी, पेट्रोल माझं, कंबरही माझीच. जुन्नर, नारायणगाव, घोडेगाव, आळेफाटा, जिथे म्हणून जुनं सामान विकायला निघालं असेल तिथे आम्ही हजर. जुन्नरच्या हमीदभाईंच्या दुकानात तर आमचा राबताच सुरू झाला. बंद पडलेल्या दुकानांतलं, दवाखान्यांतलं सामान ते आणून रचून ठेवत. तात्या एकेक खुर्ची खाली काढायला लावत आणि तिच्यात बसून घरून आणलेल्या थर्मासातला चहा पीत. चहा संपेपर्यंत बसायचं, हा त्यांचा नियम. पावण्याला तेवढंच बसायचं असतं, म्हणून.

"तात्या, खुर्ची घेताय का मुक्कामाला आलाय?" हमीदभाई विचारायचे.

"बसू तर द्या राव. तुमची खुर्ची काय झिजती व्हय?"

"झिजली तर जुनी म्हणून जास्त भाव सांगीन," हमीदभाई म्हणत आणि स्वतःचा पेला पुढे करत.

कोरीव पाठीची खुर्ची मला आवडली होती. अगदी राजेशाही होती. तात्यांनी दोन घोट घेतले आणि उठले. नक्षी पाठीला टोचते, माणूस पुढे सरकतो. दुसरी उंच निघाली, म्हाताऱ्या बायांचे पाय अधांतरी लोंबकळतील. तिसरीची पाठ इतकी कललेली, की तात्यांना तिथेच डुलकी लागली. "झोपलेलं पावणं काय कामाचं?" उठल्यावर ते म्हणाले. एकदा पॉलिश मारून चकचकीत केलेल्या चार सागवानी खुर्च्या दाखवल्या, तर तात्यांनी बोट फिरवलं आणि मान हलवली, "ह्यांची टेकल्याली जागा घासून टाकलीया." त्या दिवशी मी पार विटलो होतो. परतताना फाट्यापर्यंत मी एक शब्द बोललो नाही. तात्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, कारण घरीही त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

संदीप या सगळ्यातून केव्हाच बाजूला झाला होता. सुरुवातीला पाहुणे यायचे म्हणून नवा शर्ट घालायचा, मग इस्त्रीचा, मग अंगावर असेल तो. "तात्या," तो एकदा म्हणाला, "खुर्चीनं बायकू मिळत आसती तर सुतारांची पोरं कवाच बोहल्यावर चढली आसती." तात्या हसले. नंतर गोठ्याकडे गेले ते बराच वेळ आले नाहीत.

शेवटी खुर्च्या मिळाल्या त्या मंचरला, एका बंद पडलेल्या चहाच्या हॉटेलात. चार खुर्च्या, वाकवलेल्या गोल पाठीच्या, वेताच्या बैठकीच्या. एकीचा वेत फाटलेला, एकीचा पाय लंगडा. पण पाठीचं लाकूड जिथे खांदे लागतात तिथे गुळगुळीत झालं होतं. तात्या बसले. थर्मास रिकामा झाला तरी उठेनात. "हितं माणसं टेकल्याली हायेत," एवढंच म्हणाले. मी देवाचे आभार मानले, कारण माझी कंबर गेली होती.

वेत विणून, पाय बसवून खुर्च्या घरात आल्या आणि दिवाळीनंतर बेल्ह्याकडचे पाहुणे आले. मुलीचे वडील, मामा, आत्या. तिघेही बसले आणि तिघेही टेकले. मी स्वतः बघितलं. मामांनी तर एक पाय दुसऱ्यावर टाकला, दुसरा चहा मागून घेतला, आणि आत्या उठताना खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "लई छान बसाया झालंय." तात्या मला डोळ्यांनी खुणावत होते. त्यांचा तसा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

या पाहुण्यांनी मात्र खरंच कळवलं. मुलगी नाही म्हणते.

तात्या ओट्यावर बसून राहिले. "टेकलं व्हतं की वो गुरुजी," एवढंच परत परत म्हणत राहिले. आधीच्या सगळ्या नकारांना काहीतरी कारण होतं, खुर्ची हे कारण होतं. आता तेही उरलं नाही. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर पाहुणे येणं जवळजवळ थांबलंच. तात्यांनी अंथरूण धरलं ते पुढच्या पावसाळ्यात. दम लागायचा. मी रोज डोकावायचो. संदीप भिंतीजवळची एक खुर्ची खाटेशी ओढून द्यायचा, मी बसायचो, दोन शब्द बोलायचो आणि निघायचो. एके दिवशी तात्या माझ्याकडे बघत राहिले, नेहमीसारखं पाठीकडे.

"गुरुजी, इतकी वर्सं झाली, तुमी माज्या घरात कवा टेकलं न्हाई."

खरं होतं. शाळेतल्या माझ्या खुर्चीची पाठ कायम मोडकी असायची. जन्मभर कडेवर बसायची सवय लागली, ती लागली. मी ते सांगितलं.

"त्ये जाऊ द्या," तात्या म्हणाले. मग दम घेऊन बोलले, "पोराचं लगीन व्हो न्हाईतर न व्हो. माजं त्येच्यावर आता काय म्हननं न्हाई. पन ह्या घरात कुनीतरी टेकाया पायजे. पावणं येत न्हाईत. तुमी या."

संदीप दाराशी उभा होता. त्याने तोंड फिरवलं. मी मागे सरलो आणि टेकलो. पाठ आधी अवघडली, मग बसली. तात्यांनी डोळे मिटले. पाणी प्यायचं का विचारलं तर हाताने नको म्हणाले.

तात्यांना जाऊन आता दुसरं वर्ष लागलं. संदीपचं लग्न झालेलं नाही, आणि होईल असं मी खोटं लिहीत नाही. संध्याकाळी धारा काढून झाल्या की तो दोन खुर्च्या ओट्यावर काढतो. माझे गुडघे दुखतात, तेवढं अंतर जायचाही कंटाळा येतो, आणि बहुतेक दिवशी आमच्यात बोलणंही होत नाही. तोच चहा करून आणतो, मी दोन घोट घेतो. तिसऱ्या घोटाला संदीप हळूच माझ्या पाठीकडे बघतो, थेट बापासारखा.

मी टेकतो. मग तोही टेकतो.