व्हरांड्यातला पोलीस

मी नुकताच रिटायर झालो होतो तेव्हाची गोष्ट. मुलगी नोकरीसाठी टोरांटोतल्या एटोबिकोला गेली होती, हॅलिफॅक्सच्या घरात तिची खोली रिकामी होती. नव्या देशांतल्या न्यायाधीशांना कॅनडाच्या मदतीने इथे ट्रेनिंग देतात. त्यांना घरी ठेवून घ्यायला कोणी तयार आहे का, असं विचारणारा ईमेल आला आणि बायकोने मला न विचारताच आमचं नाव देऊन टाकलं.

अशा रीतीने एक मॅजिस्ट्रेट बाई तीन आठवडे आमच्याकडे राहिल्या. वय पस्तिशीचं, बोलणं कमी. त्यांचा देश आमच्या मुलीपेक्षाही लहान.

"म्हणजे देशाच्या आधी तुम्ही जन्मलात!" बायको म्हणाली.

"हो," त्या हसल्या. "त्याची थोरली बहीणच म्हणा."

रोज सकाळी मी त्यांना वर्कशॉपला सोडायचो. चौथ्या दिवशी गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "आज तिथे नको. एखादं साधं कोर्ट दाखवाल? रोजच्या माणसांचं."

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे ऐकत वाढलेला मी. इतकी वर्षं इथे काढून कोर्ट आतून पाहिलं नव्हतं. मलाही उत्सुकता होतीच. आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. ट्रॅफिकची प्रकरणं चालली होती. स्पीडिंगचं तिकीट मिळालेल्या एका माणसाचं नाव पुकारलं. ज्या पोलिसाने तिकीट दिलं होतं तो आलाच नव्हता. पुरावा नाही म्हणून प्रकरण तिथेच संपलं.

बाई ताडकन उठल्या आणि त्या माणसाच्या मागोमाग बाहेर गेल्या. मी धावलो.

"तो पोलीस उद्या भेटला तर? भीती नाही वाटत?" त्यांनी त्याला विचारलं.

त्याला प्रश्नच कळला नाही. "कसली भीती? माझ्या पार्किंगची वेळ संपत आलीय," म्हणत तो निघून गेला. बाईंनी वही काढून काहीतरी लिहिलं.

त्या संध्याकाळी बायकोने चहा केला, तेव्हा त्या आपणहून बोलल्या. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका कोळ्याला सोडलं होतं, कारण पोलिसांनी साक्षीदारच आणला नव्हता. संध्याकाळी त्या प्रकरणाचा पोलीस अधिकारी त्यांच्या घरी आला, व्हरांड्यात बसला, कॉफी प्यायला आणि एक शब्द न बोलता गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. असा आठवडाभर.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"कॉफी केली. आणि पुढच्या प्रकरणात साक्षीदार आला नाही, तेव्हा तोही आरोपी सोडला."

त्यांच्या कोर्टात मदतीतून नेमलेले एक म्हातारे सल्लागार होते, कॅनडातलेच रिटायर्ड जज. त्यांना हे कळल्यावर ते आठव्या दिवशी येऊन व्हरांड्यात बसले. त्यांना तिथली भाषा येत नव्हती. तेही गप्प बसून कॉफी प्यायले. त्यानंतर पोलीस आला नाही.

"म्हणजे मदतीचा उपयोग झाला," मी म्हणालो.

"झाला. पण तो कायद्याला घाबरला की गोऱ्या पाहुण्याला? ते मला अजून कळलेलं नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "आज त्या माणसाच्या शेजारी कोणीच बसलं नव्हतं. तरी तो घाबरला नाही. हे कसं होतं, ते बघायला मी आले."

आपण घाबरत नाही, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

त्या परत गेल्या. पुढे कॅनडाचा तो मदत-प्रकल्प बंद झाला आणि सल्लागार कॅनडात परतले. बाईंचा अधूनमधून बायकोला फोन येतो. मागच्या वेळी मी मधेच फोन घेतला आणि विचारलं, "आता पोलीस काय म्हणतात?"

"तो अधिकारी बदलून गेला. आता त्याच्या जागी एक तरुण मुलगी आहे. उशिरा येते, पण साक्षीदार आणते."

"आणि नाही आणला तर?"

"तर आरोपी घरी जातो," त्या म्हणाल्या, "आणि ती माझ्याशी दोन दिवस बोलत नाही."