अधिक म्हणजे देणं की घेणं?

चार बॅटरीवाले एका टेबलाशी बसले की किस्से आपोआप साठतात; करंट साठवायला मात्र घाम फुटतो! आमची म्हैसूरची लॅब छोटी, काम एकच. एका कंपनीची बॅटरी, दुसरीचा इन्व्हर्टर, तिसरीचा मीटर, या सगळ्यांना एकाच खुल्या स्टँडर्डमध्ये बोलायला लावायचं आणि ग्रिडला जोडायचं. उद्या एखादी कंपनी बुडाली तर तिच्या जागी दुसरीचं यंत्र मुकाट बसलं पाहिजे.

मी जन्माची घाबरट. त्यात आमची पहिली मोठी साइट टी. नरसीपूरचं डायलिसिस सेंटर, आणि दर मंगळवारी-शुक्रवारी तिथल्या खुर्चीत बसतात ते माझे अप्पा! मागे एकदा करंट गेला, जनरेटर रुसला, तेव्हा नर्सबाईंनी मशीनचा पंप हातानं फिरवला होता. अप्पा हे हसत सांगतात. मी विषय बदलते.

*

पहिल्याच आठवड्यात स्क्रीनवर आलं, बॅटरी हजार टक्के चार्ज! शेवटचं शून्य दशांशाचं, म्हणजे खरा आकडा शंभर, हे बॅटरीनं कळवलं होतं. आमच्या प्रोग्रॅमनं ते वाचलंच नव्हतं. मला काय ठाऊक? मी घाबरून कंपनीच्या सेल्सवाल्याला फोन लावला.

तो म्हणाला, "मॅडम, आमची क्वालिटीच तशी आहे!"

मला हसू आलं नाही. नरसीपूरला आकडा भरलेला आणि बॅटरी रिकामी, असं झालं तर?

*

पिरियापट्टणच्या एका साइटवर बॅटरीनं भर दुपारी सोलरवर चार्ज व्हायचं होतं. स्टँडर्डमध्ये वेळ ग्रीनिचची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची, भरायची असते. पुण्याहून नवीनच आलेला आमचा अनिकेत आपल्या घड्याळाचे बारा भरून मोकळा झाला! बॅटरी रोज संध्याकाळी साडेपाचला जागी व्हायची, उन्हं उतरताना.

तिथल्या वॉचमननं चार दिवस बघितलं आणि फोन केला, "अम्मा, ही बॅटरी का जावई? सगळ्यांची जेवणं आटोपली की पानावर येऊन बसते!"

*

पण माझी झोप उडवली ती अधिक-उण्यानं. एका कंपनीच्या लेखी अधिक म्हणजे बॅटरी देतेय, दुसरीच्या लेखी घेतेय. दोघीही छातीठोकपणे सांगतात, "आम्ही स्टँडर्डच पाळतो!" लॅबमध्ये आम्ही एका बॅटरीला 'दे' म्हटलं, तर बाई उलट गटागट प्यायला लागली. मेन ब्रेकर खाडकन पडला.

आमच्या हेड मालतीआक्का चामराजपुरमच्या. घरचं मराठी आणि बाहेरचं कन्नड एकाच वाक्यात. त्या कडाडल्या, "अय्यो, सुम्ने, उगाच त्या स्क्रीनकडे काय बघत बसता? साइटवर फोन लावा, दिवा लागलाय का विचारा. बस्स, अष्टे!"

तेव्हापासून आमच्याकडे तोच नियम.

*

नरसीपूरची बॅटरी जोडून झाली. चाचणी रविवारी, पेशंट नसताना. आणि शुक्रवारी सकाळी अकराला अख्ख्या तालुक्याचा करंट गेला!

आमच्या स्क्रीनवर ग्रिड शून्य. बॅटरीसमोर उणे अठरा किलोवॅट.

"उणे म्हणजे?" मी किंचाळलेच.

"देतेय," अनिकेत म्हणाला. मग हळूच, "बहुतेक."

बहुतेक! तिथे माझे अप्पा सुया टोचून बसलेत, आणि हा म्हणतो बहुतेक! जनरेटर सुरू झाला असेल आणि बॅटरी त्याच्याच तोंडचा घास ओढत असेल तर? तो पुन्हा रुसला तर?

"फोन कर," आक्का एवढंच म्हणाल्या.

नर्सबाई उचलेनात. मी अप्पांना लावला. दोनदा चुकीचा नंबर दाबला.

"अप्पा, दिवे आहेत का? मशीन फिरतंय का?"

"फिरतंय की. पंखापण फिरतोय," अप्पा म्हणाले. "का गं, करंट गेलाय का?"