खिडकीतला कूलर

परभणीत भाड्याच्या दोन खोल्यांत आलो, त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी मोठ्या हुशारीनं कूलर आणला आणि घरातल्या एकुलत्या एक खिडकीत बसवला. बायकोची सोय केली म्हणून आठवडाभर मिरवलो. उन्हाळा संपला तरी तो तिथंच राहिला. काढायचा आळस, दुसरं काय?

गावाकडं, पिंगळीच्या घरी तिला अंगण होतं, येतं-जातं माणूस होतं. इथं ती भरदुपारी ट्यूब लावून भाकरी करायची. दिवाळीपर्यंत तिचं बोलणं कमी झालं, जेवण तुटलं. मी शक्तीचं टॉनिक आणलं. शेवटी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "हे कामावर गेले की दिवसभर काय करता?"

ती म्हणाली, "कूलरकडं बघत बसते."

घरी आल्याबरोबर मी कूलर उतरवला. समोरची शेजारीण ओट्यावर मेथी निवडत होती. बायको गज धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

मी म्हणालो, "उन्हाळ्यात लय उकडंल बरं का."

"उकडू द्या," ती म्हणाली. "मला इतके दिवस वाटायलं होतं, मीच बिघडले."